तिथे नाव मागायला येतात

२ नोव्हेंबर, शनिवार

नाही गेलो! सगळी वाडी सिमिटरीत गेली, मी घरी बसलो. आज मेलेल्यांचा दिवस. जेसिंताच्या थडग्यावर फुलं घालायला तरी जायला हवं होतं. बायको ती माझी. पण गेलो की फादर खांद्यावर हात ठेवणार आणि विचारणार, 'कॉस्मे, यंदा मेलेल्यांच्या यादीत रॉयस्टनचंही नाव वाचूया ना?' दर वर्षी विचारतात. माणूस चांगला आहे. पण विचारतात.

सिया गेली. परत आली तेव्हा बोटांना मेण लागलेलं. किती मेणबत्त्या नेल्या होत्यास, मी विचारलं. दोन, म्हणाली. एक सासूच्या थडग्यावर. आणि दुसरी? – सिमिटरीतल्या मोठ्या खुरसाच्या, क्रुसाच्या पायथ्याशी.

मोठ्या खुरसाखाली मेणबत्ती कोणासाठी लावतात ते मला ठाऊक नाही? ज्यांना थडगं नाही त्यांच्यासाठी!

ओरडलो. 'मेणबत्ती मेल्ल्यांक लायतत!' ती हळू आवाजात म्हणाली, 'पप्पा, पेटयल्यार माणूस मरणा नाय.' मग भात वाढला. मला जेवण गेलं नाही.

लिहून काढतो, म्हणजे डोकं हलकं होईल. रॉयस्टन माझा मुलगा. ट्रॉलरवर इंजिनाचं काम बघायचा. तीन पावसाळ्यांपूर्वी, मासेमारीची बंदी उठल्यावर पहिल्याच फेरीत बोट उलटली. दोघं सापडले, मेलेले. रॉयस्टन सापडला नाही. न सापडलेला म्हणजे मेलेला नव्हे. एखाद्या जहाजानं उचलला असेल. डोक्याला मार लागून गाव विसरला असेल. असं होतं. पेपरात येतं.

सिया त्याची बायको. माझ्याजवळ राहते.

४ नोव्हेंबर, सोमवार

झोप नाही. गॅस बंद आहे का ते उठून पाहिलं. परत पाहिलं. बंदच होता. सियाशी नीट बोललो नाही. ती मात्र बीपीची गोळी वेळेवर हातात देते.

७ नोव्हेंबर, गुरुवार

डेल्सीचा फोन आला. डेल्सी माझी धाकटी. जावई क्लाइव्ह गोव्याकडचा, पेडण्याचा. आजोबाच्या जुन्या कागदांवर त्याला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला आणि दोघं थेट आइसलँडला गेली. पार वर, समुद्रातलं बेट. गावाचं नाव मला लिहिता येत नाही. दोघं माशांच्या कारखान्यात आहेत. मी म्हटलं होतं, मासेच कापायचे तर वेंगुर्ल्याचं बंदर काय वाईट होतं? पण ऐकतं कोण.

तिला सहावा महिना लागला आहे. आणि तिकडे तिच्या हाताशी आई नाही, सासू नाही!

आज सांगत होती, 'पप्पा, हंय आडनावच नसता!' मगे माणूस ओळखतात कसा? तर बापाच्या नावानं. अमक्याचा मुलगा, अमक्याची मुलगी. लग्न झालं तरी बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. आणि हाक मारायची ती सगळ्यांना पहिल्या नावानंच. साहेबाला, डॉक्टरला, देशाच्या अध्यक्षालासुद्धा. तिच्या शेजारी गुद्रून नावाची म्हातारी मासा कापते. पासष्टी उलटलेली. डेल्सीनं तिला आजी म्हटलं तर ती विचारते, 'मी तुझी आजी कधी झाले?'

'म्हणजे तू थंय माका कॉस्मे म्हणून हाक मारतलंस?' मी विचारलं. खूप हसली.

संध्याकाळी सदानंदाला सांगितलं. सदानंद शेजारी, शाळामास्तर होता. माझी सातवी, त्याची बीए, तरी माझ्याच ओट्यावर येऊन बसतो. म्हणाला, 'म्हणजे तुझो जावई कोण?' ऑगस्टिनचो झील. 'आणि तू?' पास्कूचो झील. 'एका घरात दर पिढीक नवा आडनाव! आमचो तलाठी येडो होऊन पळात.'

२१ नोव्हेंबर, गुरुवार

टीव्हीवर आइसलँड दाखवलं. जमीन फाटून आग वर येते आहे! ज्वालामुखी. सियानं फोन लावून दिला. डेल्सी म्हणते, 'तो खूप लांब आसा पप्पा. लोक गाडी करून बघूक जातत.' आग बघायला गाडी करून जातात! तिथल्या डोंगरांना लोक भीत नाहीत, पण एखाद्या धोंड्यात अदृश्य माणसं राहतात असं वाटलं तर रस्ता वळवून नेतात म्हणे. त्यात मला हसण्यासारखं काही वाटलं नाही. आपल्याकडे राखणदाराच्या झाडाला कोण हात लावतो?

२७ नोव्हेंबर, बुधवार

डेल्सीच्या गावात कालपासून सूर्य दिसत नाही. डोंगराआड गेला. आता दोन महिने दिसायचा नाही. पोटात बाळ असताना!

१२ डिसेंबर, गुरुवार

आज तिनं तेरा भावांची गोष्ट सांगितली. नाताळच्या आधी तेरा दिवस डोंगरातून रोज एक जण खाली येतो. एक भांडी चाटणारा, एक दारं आपटणारा, एक मेणबत्त्या पळवणारा. पोरं खिडकीत बूट ठेवतात. शहाण्याला खाऊ, वात्रटाला बटाटा. क्लाइव्हनं पण बूट ठेवला, आणि गुद्रूननं गुपचूप त्यात बटाटा टाकला. मी हसलो. खूप दिवसांनी हसलो.

मग म्हणाली, 'पप्पा, रॉयस्टन इलो हुतो.'

फोन हातातून पडला. खरंच पडला. उचलून ओरडलो, 'खंय? कोणी हाडलो तेका? बरो आसा मां?'

ती रडायला लागली. 'सपनात, पप्पा. सपनात इलो.'

सिया कामावर होती. बरं झालं.

पुढे लिहवत नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

स्वप्न असं. डेल्सी तिच्या तिकडच्या स्वयंपाकघरात चहा करते आहे. दार लोटून रॉयस्टन आत येतो. दारातच चपला काढतो. तिथे सगळेच घरात शिरताना पादत्राणं काढतात, आपल्यासारखं. अंगावर निळा शर्ट. ती विचारते, 'चाय घेतलंस?' तो म्हणतो, 'चाय नको. माका हंय जागा आसा?' ती म्हणते, 'आसा रे, बस.' आणि जागी होते.

कारखान्यात तिनं गुद्रूनला सहज सांगितलं. गुद्रूननं हातातली सुरी खाली ठेवली. विचारलं, 'तो आहे की गेलेला?' डेल्सी म्हणाली, माहीत नाही. गुद्रून म्हणाली, 'गेलेला आहे. नाव मागायला आला होता.'

तिथे पूर्वापार असं आहे. बाई पोटुशी असली की मेलेलं माणूस तिच्या स्वप्नात येतं आणि राहायला जागा मागतं. म्हणजे बाळाला माझं नाव दे. आणि मागितलेलं नाव दिलं नाही, तर ते बाळाला चांगलं नसतं.

डेल्सी म्हणते, 'मी जागा आसा म्हटलंय, पप्पा. आता काय करू?'

बघूया म्हणून फोन ठेवला. सियाला ह्यातलं काही सांगितलं नाही.

नाव दिलं तर माझा मुलगा मेला. नाही दिलं तर हिच्या बाळाला काही झालं तर? देवा, मला म्हाताऱ्याला ह्यात कशाला घातलंस? फादरना विचारावं तर ते म्हणणार, स्वप्नाबिप्नांवर विश्वास ठेवू नको. आणि त्याच दमात म्हणणार, रॉयस्टनच्या आत्म्यासाठी मिस्सा सांग.

१५ डिसेंबर, रविवार

सदानंदाला सांगितलं. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. त्यानं सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाला, 'आमच्यात बारा वर्सां वाट बघतत. मगे दर्भाचो पुतळो करून तेका आग देतत. माझ्या काकाक तसोच दिलो, मुंबयक गेलो तो परत इलोच नाय.' आणि नंतर आला असता तर? 'इलो असतो तर तेचा परत बारसा केला असता.' त्याची बायको कावेरी आतून ओरडली, 'काय बोलतास तां! तेंच्या जिवाची काय अवस्था, आणि तुमका बारसा सुचता!'

पण कावेरीनंच एक चांगलं सांगितलं. त्यांच्यात घरच्या जित्या माणसाचं नाव बाळाला ठेवत नाहीत. म्हणजे हरकत घ्यायला जागा आहे. आम्हा ख्रिस्तांवात जित्या आजोबाचं नाव नातवाला देतात, ते मला ठाऊक आहे. पण मला हे कावेरीचं धरून ठेवायचं आहे.

१८ डिसेंबर, बुधवार

डेल्सीला सांगितलं होतं, गुद्रूनला नीट विचार. जिता माणूस लांब असला, अडकलेला असला, तर तो येत नाही का स्वप्नात? आज तिनं उत्तर कळवलं. आधी सांगेचना. मी हट्ट धरला.

'गुद्रून म्हणता – जितो माणूस फोन करता.'

मी फोन ठेवून दिला. कोण ही गुद्रून! माझ्या मुलाला तिनं पाहिलं आहे?

२३ डिसेंबर, सोमवार

तिकडे आज सडवलेला मासा खायचा दिवस. पाकटासारखा मासा आठवडेच्या आठवडे कुजवतात. वासानं डोळ्यांत पाणी येतं. कपडे बाहेर टांगतात. डेल्सीला उलटी झाली. क्लाइव्ह म्हणतो, 'आमच्या सुक्या बांगड्यांका मी परत कधी नावां ठेवचंय नाय.'

मी तिच्याशी नीट बोललो. ह्या दिवसांत बाईला त्रास देऊ नये.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळ. चर्चला जाऊन आलो. सियानं नेवऱ्या केल्या, वाडीत वाटल्या.

डेल्सीनं फोटो पाठवला. तिकडची सिमिटरी. सगळं बर्फ, दुपारीच काळोख, आणि प्रत्येक थडग्यावर विजेचा खुरीस – लाल, निळा, पिवळा. नाताळात मेलेल्यांना काळोखात ठेवत नाहीत म्हणे. जाऊन दिवे लावतात, मग घरी येऊन जेवतात. आणि जेवल्यावर एकमेकांना पुस्तकं देतात, ती वाचत झोपतात. कसले लोक! पण फोटो चांगला होता. सिया बराच वेळ बघत बसली. तिच्याकडे मी फोन परत मागितला नाही.

मग तिनं विचारलं, 'पप्पा, डेल्सीन माका सपनाचा सांगलान. तुमी कधी सांगतले हुतात?'

२५ जानेवारी, शनिवार

काल तिकडे शार्क आणि मेंढ्याची मुंडकी खायचा महिना लागला. त्याबद्दल न लिहिलेलं बरं.

पण आज सूर्य आला! डेल्सीच्या गावात डोंगरावरून जेमतेम डोकावला आणि गेला. त्या दिवशी घरोघर पातळ घावणे करतात आणि कॉफी पितात. सूर्याची कॉफी. तिनं फोनवर घावणा दाखवला, आमच्यासारखाच, फक्त आत मुरंबा. सियानंही केले. आम्ही ओट्यावर बसून खाल्ले. आमच्याकडे उन्हाला काय कमी, तरी उन्हात बसून खाल्ले.

खाताना सियाची आई आली. वेंगुर्ल्याहून. मी पाणी दिलं. ती म्हणाली, 'कॉस्मेबाब, माझा चेडू एकतीस वर्सांचा. तिचा काय ठरयलात?' मी कोण ठरवणार? मी म्हटलं, 'माझो झील येतलो तेवा तो ठरयतलो.' बाईनं पदर तोंडाला लावला. सिया म्हणाली, 'मम्मी, घावणो खा. थंड जाता.'

२० फेब्रुवारी, गुरुवार

मुलगा! काल झाला. दोघंही बरी आहेत. फोटोत तोंड लाल, मूठ आवळलेली. वाडीत पेढे वाटले, सदानंदानं दोन घेतले आणि तिसरा खिशात टाकला.

नाव विचारलं त्यांना काय सांगणार? तिकडे नाव लगेच देत नाहीत. बाप्तिस्म्यापर्यंत आईबाप कोणाला बोलत नाहीत. दवाखान्याच्या कागदावर नुसतं 'मुलगा' लिहितात. सहा महिन्यांत मात्र द्यावंच लागतं, सरकारचा नियम आहे.

डेल्सी म्हणाली, 'तुमी हो म्हणी पर्यात मी तां नाव ठेवचंय नाय. आणि दुसरा पण ठेवचंय नाय.'

बाप्तिस्म्याचं झबलं शिवायला घेतलं. जन्मभर लोकांचे लग्नाचे कोट शिवले. आता दोरा ओवायला नजर पुरत नाही, सुई सियाकडे देतो.

२४ एप्रिल, गुरुवार

ईस्टर झाला, लिहायला जमलं नाही. खोकला.

तिकडे आज उन्हाळ्याचा पहिला दिवस. सुट्टी! पोरांना भेटी देतात, मिरवणूक काढतात – बर्फ पडत होतं. मी म्हटलं, 'हेका उन्हाळो म्हणतत?' क्लाइव्ह म्हणाला, 'पप्पा, कॅलेंडरात आसा, कोण भांडतलो?'

आणि बाळ खंय? तर बाहेर! गाडीत निजवून, पांघरुणं घालून घराबाहेर ठेवलं आहे. तिथे सगळ्यांची बाळं थंडीत बाहेर निजतात, चांगली झोप लागते म्हणे. मी ओरडलो, 'आधी तेका भितर घे! कुत्रो बित्रो इलो तर?' डेल्सी हसली, आणि मला दाखवायला फोन बाहेर नेला. नाकाचा शेंडा तेवढा दिसत होता. गाढ झोपला होता. माझ्या जिवात जीव नाही.

तिनं त्याला हाक मारली, 'बाबू'. बिननावाचा पोर.

११ मे, रविवार

सियाशी बोलणं झालं. खरं म्हणजे तीच बोलली.

चर्चमध्ये एक बाई तिला म्हणाली, 'तू काळा कित्या घालणत नाय गो? आणि रंगीत तरी कित्या घालतंस?' तिनं मला येऊन तसंच सांगितलं. मी रागावलो, कोण ती बाई, तिच्या घरी जातो म्हटलं.

'तिका कित्या गाळी घालतास? बरोबरच विचारलान. मी तेंची बायल की तेंची विधवा, माका तरी खंय ठावक आसा?' मग म्हणाली, 'पप्पा, माका काळो घालूक दिया. वर्सभर घालीन. घातलो तर काढूक मेळतलो. घातलोच नाय तर काय काढू?'

मी म्हटलं, मी नाही म्हटलं की तू घालणार नाहीस? कायदा आहे का माझा?

'तुमच्या घरात रवतंय. तुमच्या तोंडार दार कसा लावू?'

ती कधी इतकं बोलली नव्हती. मी काजूच्या झाडाखाली जाऊन बसलो. रॉयस्टन असता तर तिला असं बोलायची वेळ आली नसती. रॉयस्टन असता तर. 'असता' लिहिलं. तसंच राहू दे, खोडत नाही.

२५ मे, रविवार

बाळाला ताप, खोकला. दोन रात्री दवाखान्यात ठेवलं होतं. मला आता सांगतात, बरा होऊन घरी आल्यावर! बाहेर निजवल्यामुळे नाही, साथ आहे म्हणे. डेल्सी असं म्हणते. गुद्रून काय म्हणाली ते मी विचारलं. 'गुद्रून काय म्हणली नाय, पप्पा. ती रोज येऊन पाळण्याकडे बसली.'

न बोलता बसली. म्हणजे तिलाही तेच वाटत होतं – नाव अडवून ठेवलं म्हणून.

बाप्तिस्मा ठरला आहे, पंधरा जूनला. तिकडेही एक लहान कॅथलिक चर्च आहे, फादर पोलंडचे.

बीपी वाढलं असेल.

१ जून, रविवार

आजपासून मासेमारीला बंदी. सगळ्या बोटी किनाऱ्याला लागल्या. दर वर्षी ह्या दिवशी मी बंदरावर जातो. कोणाला सांगत नाही. बोटी ओढून घेताना बघतो. परप्रांतातून खलाशी येतात, अनोळखी तोंडं असतात. त्यात एक तरी – असं वाटतं. आजही गेलो. जितेंद्र, ज्याच्या ट्रॉलरवर रॉयस्टन होता, तो मला लांबून बघून दोराची गुंडाळी करत राहिला. तो दर वर्षी बघतो. जवळ येत नाही.

घरी आलो तर फोन. तिकडेही आज दर्यावर्दींचा दिवस! जूनचा पहिला रविवार. एकही बोट समुद्रात राहू द्यायची नाही, सगळ्या बंदरात, पताका लावून. होड्यांच्या शर्यती, दोरीखेच. पण आधी चर्च आणि मग सिमिटरीतला एक दगड. समुद्रातून परत न आलेल्यांचा. त्यावर फुलं ठेवतात, सगळं गाव टोप्या काढून उभं राहतं. डेल्सीनं फोन धरून दाखवलं. वारा एवढा की काही ऐकू येत नव्हतं.

मग पडद्यावर एक म्हातारी आली. पांढरे केस, नाक लाल. गुद्रून! मी शर्टाची बटणं लावली. ती माझ्याकडे बघून काहीतरी बोलली, डेल्सीनं सांगितलं, 'म्हणता, कॉस्मे, कसो आसस?' सरळ कॉस्मे. माझी बायको सोडून कोणत्या बाईनं मला असं म्हटलं नव्हतं.

मला रागानं बोलायचं होतं. डिसेंबरपासून तयार करून ठेवलं होतं. पण तिनं बाजूला हात घालून एका दाढीवाल्या धिप्पाड पोराला कानाला धरून पुढे ओढलं. पंचविशीचा असेल. हातात सॉसेजचा पाव, तोंड भरलेलं. डेल्सी सांगत गेली. गुद्रूनचा नवरा योन. बोटीसकट गेला, कधीच मिळाला नाही. बारा वर्षांनी मुलगी पोटुशी राहिली तेव्हा तिच्या स्वप्नात येऊन जागा मागितली. हा तो योन.

आणि म्हातारी त्याला ओरडायला लागली. शर्टावर सॉस सांडला होता म्हणून. 'योन! योन!' करून. तो ओ देत होता आणि खात होता. मला कळलं नाही ती काय म्हणत होती. फक्त तेवढं नाव कळत होतं. दर दोन शब्दांनी नाव.

मी फोन सियाकडे दिला.

२ जून, सोमवार

आमच्या घरात ते नाव कोणी मोठ्यानं घेत नाही. सिया 'ते' म्हणते. डेल्सी म्हणते आणि मग रडते. वाडीतले म्हणतात, 'तुमचो झील'. मी इथे लिहितो, बस. तीन वर्षांत त्या नावाला कोणी ओ दिलेली नाही.

८ जून, रविवार

आज काय करून बसलो!

सिया मागच्या पडवीत भांडी घासत होती. पाऊस थांबला होता. मी विहिरीजवळ गेलो. वाटलं, एकदा हाक मारून बघू. तोंडाला तरी आठवतं का. इकडेतिकडे पाहिलं, कोणी नव्हतं. आणि मारली. पूर्वी जेवायला बोलवायचो तशी, लांबवून – 'रॉयस्ट-न!'

भांडं आपटल्याचा आवाज आला. सिया धावत बाहेर आली. राख लागलेले हात, अनवाणी, केस सुटलेले. माझ्याकडे बघितलंच नाही. फाटकाकडे धावली. फाटक उघडून रस्त्यावर गेली. वर बघितलं, खाली बघितलं. मग वळली.

तिला वाटलं तो आला! मी हाक मारली म्हणजे मला दिसला असेल!

मी म्हटलं, 'नाय गो बाय. मीच, नुसती हाक मारलंय.' ती तिथेच फाटकाला धरून खाली बसली, चिखलात. मी तिच्या शेजारी बसलो. उठता येणार नाही हे ठाऊक असून बसलो. सदानंद आला, त्यानं आधी तिला उठवलं, मग मला. 

मला वाटायचं, वाट मी एकटाच बघतो आहे. हिनं मेणबत्ती लावली, काळं मागितलं, म्हणजे हिनं सोडून दिलं. ती तर माझ्यापेक्षा जोरात धावली. मी नाही म्हणत राहिलो, तेवढी वर्षं ती रोज अशी भांडी घासत कान देऊन बसली होती. तिचा फाटकातला चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही.

डेल्सीला अजून काही कळवलेलं नाही.

११ जून, बुधवार

फादरांकडे जाऊन आलो. छत्री तिथेच विसरलो.

१४ जून, शनिवार

उद्या तिकडे बाळाचा बाप्तिस्मा. काल रात्री डेल्सीला नावाला हो म्हटलं. सकाळी इथल्या चर्चची घंटा वाजली, थांबून थांबून, मरणाची वाजते तशी. लोक भिजत दारात आले. वाडीतला बाबली आला, काशीबाई आली, एकमेकांना विचारत – कोण गेलो? कोणाची घंटा ही?

सिया माझ्यामागे उंबऱ्यात उभी होती. मी पायरी उतरून खाली गेलो. म्हटलं, माझ्या रॉयस्टनची.